मेहरुनबी बसून होत्या

शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजला. मेहरुनबींचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखं, "सलाम मेहरुनबी," म्हटलं. पलीकडून "जयभीम बाई" आलं नाही. त्यांची मुलगी शबाना बोलत होती. "मॅडम, अम्मी मंगळवारी गेली... तुम्हाला शुक्रवारी फोन लावायचा असतो, एवढंच मला ठाऊक होतं." त्याला आता सहा आठवडे झाले. मेहरुनबींची आणि माझी प्रत्यक्ष भेट उभ्या आयुष्यात एकदाच झाली, तीही एका खाटेवर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी श्रीगोंद्याची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चार दिवसांच्या तापानं आणि उलट्यांनी अशी गळून गेले होते की उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मिस्टरांनी मला नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. तापाची साथ होती. कॅज्युअल्टीत सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून स्ट्रेचर, बाकांवर सलाईन लावलेली माणसं, बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. मिस्टर केसपेपरच्या रांगेत गेले. एका तरुण सिस्टरनं मला धरून आत नेलं आणि एका खाटेपाशी थांबून तिथल्या बाईंना विचारलं, "आजी, जरा सरकता का? दुसरी खाटच नाही हो."

सत्तरीच्या, किरकोळ बांध्याच्या, मेंदीनं केस तांबूस झालेल्या त्या बाई तोंडाला वाफेचा मास्क लावून, गुडघ्यांवर हात टेकून बसल्या होत्या. मास्क वर करून त्या म्हणाल्या, "या बाई. मला दम्यानं आडवं होता येत न्हाई, तुमाला बसता येत न्हाई. दोघींना एक खाट पुरं."

मला तेव्हा रागच आला होता, हे कबूल करायला हवं. इतक्या आजारपणात अनोळखी बाईच्या मांडीला डोकं लागणार... मी भिंतीकडे तोंड करून पडले. पंख्याचा वारा थेट पायांवर येत होता. थोड्या वेळानं पायांवर काहीतरी ऊबदार पडलं. त्यांची शाल होती.

मग त्याच थोडं थोडं, श्वास जुळेल तसं बोलत राहिल्या. राहुरीच्या पिंजारी. सासरी आल्यापासून कापूस पिंजून गाद्या-उशा भरल्या, आणि तोच कापूस छातीत जाऊन बसला. "लोकास्नी झोपवलं, आन् आपन बसून," असं म्हणून त्या हसल्या आणि हसताना खोकल्या. मला बरं वाटावं म्हणून मधूनमधून खोलीतली बातमी सांगायच्या. कुणाला वॉर्डात हलवलं, कोण रडायचं थांबलं, सिस्टर सकाळपासून खुर्चीवर टेकलेली नाही.

दुपारी मला एक इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत अंगाला खाज सुटली, ओठ जड झाले आणि घसा आतून आवळत गेला. हाक मारायला आवाजच येईना. मिस्टर औषधं आणायला बाहेर गेलेले, सिस्टर आणि डॉक्टर पार दुसऱ्या टोकाला, अपघातात सापडलेल्या एका माणसापाशी होते. माझ्याकडे बघत असलेलं एकच माणूस होतं. मेहरुनबींनी मास्क ओढून काढला. पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, "सिस्टर, ह्या बाईंचं तोंड सुजलं!" गर्दीच्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नाही. मग त्यांनी उशाचा स्टीलचा ग्लास उचलला आणि खाटेच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली. सगळी खोली वळून बघेपर्यंत त्या आपटत राहिल्या. धावत आलेल्या डॉक्टरांनी दंडात सुई दिली, आणि हळूहळू घसा मोकळा झाला. मी मान वळवली तेव्हा त्यांचे ओठ निळसर पडले होते, सिस्टर त्यांची पाठ चोळत होती आणि डॉक्टर रागावत होते, "आजी, मास्क काढायचा नाही म्हटलं होतं ना?"

"मग आवाज कुठून काडू, डॉक्टर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मला वॉर्डात जागा मिळाली आणि त्या घरी गेल्या. निघताना शबानाकडून माझा नंबर मोबाईलमध्ये घालून घेतला. पुढे दर शुक्रवारी दुपारी फोन. कधी पाच मिनिटं, कधी नुसतं "हायसा न्हवं?" एवढंच. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "बाई, राहुरीला या. मुक्कामाला या." मी म्हणायचे, येते, लेकीचं बाळंतपण होऊ दे. येते, गुडघा बरा होऊ दे. नगरला एसटी बदलायची, तीन तासांचा रस्ता. दोन वर्षांत तो माझ्याच्यानं झाला नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी राहुरीला गेले. पाहुणे पांगल्यावर शबाना सगळं सांगत होती. दमा अचानक उसळला, त्याच दवाखान्यात नेलं, त्या दिवशीही गर्दी तशीच. अम्मीला चाकाच्या खुर्चीवर बसवून ती केसपेपरला पळाली. डॉक्टर लगेच आले, ऑक्सिजन लावला, पण अंगात काही उरलंच नव्हतं. माझ्या मनात फोन आल्यापासून एकच प्रश्न होता. तो धीर करून विचारला. "तू रांगेत होतीस तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं गं?"

"एक बाई होती, मॅडम. तिला स्वतःलाच सलाईन लावलेलं. मी आले तर दुसऱ्या हातानं अम्मीची पाठ चोळत होती. त्या धावपळीत मी तिचं नावपण विचारलं न्हाई..."

मला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला. अजून वाटतो.

शबानानं मला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. कोपऱ्यात भिंतीला एक मोठा लोड होता, मेहरुनबींनी स्वतः भरलेला. रात्री त्यालाच टेकून त्या बसल्या बसल्या झोपायच्या. मधोमध त्यांच्या पाठीएवढा खळगा पडला होता. "पुन्हा पिंजून भरायचाय," शबाना म्हणाली, "पन उसवायला हातच होत न्हाई."

"असू दे," मी म्हटलं. तिनं चहा आणला तरी मी लोडाला पाठ लावली नाही. त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसले, आणि नगरची शेवटची गाडी चुकवली.