हरकतीला सात दिवस

आमचे हे फार कमी बोलतात. लग्न झालं तेव्हा वाटलं, लाजतात. वर्षभरात कळलं की लाजबिज काही नाही, माणूसच तसा आहे. पडद्यांचा रंग विचारला, उत्तर नाही. पलंग खिडकीकडे सरकवायचा का विचारलं, उत्तर नाही. शेवटी वैतागून मी एका कागदावर लिहिलं, "निळे पडदे आणतेय. सात दिवसांत बोलला नाहीत तर होकार धरीन." कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवला. आठव्या दिवशी निळे पडदे आले. ह्यांना ती रीत इतकी पटली की पुढची एकवीस वर्षं आमचा संसार त्या दारावरच चालला. नळाची दुरुस्ती, नवा फ्रिज, माझ्या आईचं आमच्याकडे राहायला येणं, सगळं त्या दारावर सात दिवस लटकलं आणि मंजूर झालं. कुणाला सांगितलं की लोक हसायचे. मीही हसायचे. आता हसू येत नाही.

हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे सांभाळतात. कुठल्या रस्त्याखाली कुठला पाइप, कुठला व्हॉल्व्ह कोणत्या साली बसवला, सगळं तोंडपाठ. मी मुलींच्या शाळेत ग्रंथपाल. माझं वाचनालय म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली, दोन खिडक्या आणि कुठल्याशा ऑफिसाने टाकून दिलेले चार कॉम्प्युटर. मुलींनी त्यांना नावं ठेवली होती: थोरली, मधली, धाकटी आणि रडकी. रडकीचा पंखा सारखा कुरकुरायचा, म्हणून रडकी.

सतरा वर्षांपूर्वी एकदा एक पुस्तक रजिस्टरात शोधून शोधून मी रडकुंडीला आले आणि घरी येऊन खरंच रडले. हे काही बोलले नाहीत. पण पुढचे सहा रविवार बसून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. पुस्तक कुणाकडे आहे, कधी परत येणार, सगळं एका जागी दिसायचं. नाव ठेवलं 'कपाट'. ह्यांनी माझ्यासाठी केलेली सगळ्यात गोड गोष्ट ती. त्याआधी तसं काही नाही आणि त्यानंतरही नाही, खरं ते सांगावं.

मग ते त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आतला कोड कुणीही बघावा, कुणीही सुधारावा, कुणीही वापरावा, आणि जी काही चर्चा व्हायची ती सगळ्यांना दिसेल अशी व्हावी. हळूहळू कधी न पाहिलेली माणसं कुठून कुठून येऊन कामाला लागली. पण निर्णयाची वेळ आली की सगळे मूग गिळून बसायचे. तेव्हा ह्यांनी आमचा दारावरचा नियम तिकडे नेला. प्रस्ताव मांडायचा, सात दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर मंजूर. माझ्या पडद्यांचा नियम शे-दीडशे माणसांचा कायदा झाला, याचं मला किती कौतुक होतं म्हणून सांगू. शाळेत येईल त्याला ऐकवायचे.

कपाटच्या चौथ्या व्हर्जनमध्ये पुस्तकांची अदलाबदल आली. चाळीस शाळांची वाचनालयं एकमेकांना जोडली गेली. माझ्याकडे पुस्तकं सहाशे, त्यातली निम्मी पाठ उसवलेली. पण आता मुलीने रडकीवर बसून मागणी नोंदवली की दुसऱ्या शाळेतलं पुस्तक शाळाशाळांतून फिरणाऱ्या मंगळवारच्या गाडीने यायचं. मंगळवारी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत उभं राहायला जागा नसायची. आमच्या मोठ्या बाईंचा त्या खोलीवर फार दिवसांपासून डोळा होता. परीक्षेचे गठ्ठे ठेवायला त्यांना ती हवी होती. त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "मुली येताहेत तोवर खोली तुमची." म्हणजे गाडी थांबली की मुली थांबणार, आणि मुली थांबल्या की मी संपले. एवढं साधं होतं ते, आणि ह्यांना ते ठाऊक होतं.

मागच्या वर्षी पाचव्या व्हर्जनची आखणी सुरू झाली. मोठं व्हर्जन म्हणजे नुसती डागडुजी नव्हे, जुन्याशी काडीमोड. काय नवं घ्यायचं, काय टाकायचं, कुठल्या तारखेनंतर कुणी कशाला हात लावायचा नाही, हे सगळं आधी ठरवावं लागतं. आखणीचे प्रमुख अर्थातच आमचे हे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "माझ्या चौघींवर चालेल ना?"

"बघू," हे म्हणाले.

रिलीजची तारीख तीनदा पुढे गेली. दर रविवारी सकाळी ह्यांची सगळ्यांशी कॉलवर बैठक असायची. त्यात एक जण होता, त्याच्या कंपनीने प्रोजेक्टला सर्व्हर वापरायला दिले होते म्हणून सगळे त्याला जपायचे. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. एका रविवारी भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू आला, "आपण नक्की कशासाठी अडलोय?" हे गप्प. मला वाटलं, हे माझ्यासाठी खिंड लढवताहेत. छाती भरून आली, आणि मी त्यांना न मागता चहा नेऊन दिला.

त्यानंतर दोन दिवसांनी दारावर एक कागद आला. तीन रकाने: आत, बाहेर, पुढच्या वेळी. मुंगीएवढ्या अक्षरात एकोणीस ओळी. ह्यांचे असले कागद अधूनमधून दारावर असायचेच, त्यामुळे मी काही वाकून वाचला नाही. 'बाहेर'च्या रकान्यात शेवटून दुसरं '३२-बिट' असं काहीतरी होतं. असेल काही आकडेमोड म्हणून मी दार उघडलं आणि डबा काढला. असं सात दिवस केलं. आठव्या दिवशी हे कागद काढून घेऊन गेले, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. मला अजून आठवतं, मी आग्रह करून वाढलं होतं.

पाचवं व्हर्जन आलं. ह्यांनी फोन पुढे करून मला आभारांचं पान दाखवलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "माझ्या पत्नीचे आभार. कपाट तिच्या वाचनालयातून सुरू झालं." मी डोळे पुसले. मूर्खासारखे पुसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत रडकी सुरू केली तर पडद्यावर ओळ आली, 'ही आवृत्ती या कॉम्प्युटरवर चालणार नाही.' थोरली, मधली, धाकटी, सगळ्यांवर तीच ओळ. चौथं व्हर्जन चालत होतं, पण बाकीच्या शाळा पाचव्यावर गेल्या आणि आमच्याशी अदलाबदल बंद पडली. मंगळवारची गाडी फाटकावरून पुढे निघून गेली. पुढच्या मंगळवारी खोलीत दोनच मुली होत्या, त्याही पावसाने अडकलेल्या.

मी दोन आठवडे जावईबापूला शिव्या घातल्या. मोठ्या बाईंशी भांडले, "ह्यांच्या हातात नव्हतं हो, त्या कंपनीवाल्याने केलं सगळं." घरी येऊन तेच परत बोलायचे, आणि हे समोर बसून ऐकायचे. एक शब्द बोलले नाहीत, पण ते कधीच बोलत नाहीत, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. शेवटी ठरवलं, आपणच तक्रार लिहायची. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी कपाटच्या चर्चेचं पान उघडलं. सगळं तिथे उघड्यावर होतं. कुणीही वाचावं असं. मीच कधी वाचलं नव्हतं.

'जुने ३२-बिट कॉम्प्युटर वगळणे.' प्रस्ताव मांडणाऱ्याचं नाव ह्यांचं.

खाली जावईबापूने विचारलं होतं, "पण तुमच्या मिसेसच्या वाचनालयाचं काय? तिथले कॉम्प्युटर जुने आहेत असं तुम्हीच म्हणाला होता. हवं तर आपण आणखी थांबू."

त्याखाली ह्यांचं उत्तर: "तिथे विचारलं आहे. सात दिवसांत हरकत आली नाही."

मी ते पाचसहा वेळा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेले. हे कप विसळत होते.

"अहो, तुम्ही मला कधी विचारलंत?"

त्यांना लगेच कळलं. नळ बंद करून म्हणाले, "दारावर होतं."

"बत्तीस बिट म्हणजे माझ्या चौघी, हे मला कसं कळणार होतं?"

"विचारायचं होतंस."

मी तिथेच उभी राहिले. तेव्हा ते बोलले, आणि त्यांच्या मानाने पुष्कळ बोलले. "प्रत्येक बारीक बदल त्या मशीनवर चालतो का बघत बसायचं. सतरा वर्षं. कंटाळलो होतो मी. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही."

"म्हणून मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंत."

"नियम तुझाच आहे," ते म्हणाले आणि कप पालथा घातला.

राग कंटाळ्याचा नाही. माणूस कंटाळतो. मला नसता का कंटाळा आला? त्यांनी सांगितलं असतं तर मी आदळआपट केली असती, चार दिवस अबोला धरला असता, आणि मग आम्ही दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. पण ह्यांनी मला विचारल्यासारखं केलं, आणि माझा होकार चारचौघांत मिरवला. वर आभारही मानले.

चाचणी परीक्षेच्या आधी खोली गेली. पुस्तकं खोक्यांत भरली, चौघींना शिपाई ढकलगाडीवर घालून घेऊन गेला, रडकीच्या पंख्याला अजून मुलींनी बांधलेली रिबीन होती. मोठ्या बाईंनी मला दोन पर्याय दिले. इथेच परीक्षा विभागात बसून गठ्ठे मोजायचे, नाहीतर संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत ग्रंथपाल म्हणून जायचं. ते गाव सहा तासांवर. राहायला शाळेच्या आवारात एक खोली. तिथले कॉम्प्युटर नवे आहेत आणि त्यांच्यावर पाचवं व्हर्जन चालतं. छान चालतं, खोटं कशाला बोलू.

मी कागद घेतला. जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरात लिहिलं, "मी दुसऱ्या गावच्या शाळेत जातेय. तिथेच राहीन. हरकतीला सात दिवस." तारीख टाकली आणि दाराला चिकटवला.

त्या कपाटात चहाचा डबा असतो. हे दिवसातून दोनदा तरी ते दार उघडतात. तिसऱ्या दिवशी ते कागदासमोर थांबले. मी भाजी चिरत होते, माझा हात थांबला.

"साखर संपलीय," ते म्हणाले.

सहाव्या दिवशी वाफेने कागदाचा एक कोपरा सुटला. हे आतून चिकटपट्टी घेऊन आले, कोपरा नीट बसवला, अंगठ्याने दाबला आणि ऑफिसला गेले.

आठव्या दिवशी सकाळी मी कागद काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि होकार धरला.