फाटकाबाहेरचा भाऊ

ज्या दुपारी मालिकेतल्या फाटकवाल्यानं फाटक लावलं, त्या दुपारी आमच्या सरावलीत एकही कुत्रं भुंकलं नाही. रिक्षा जागच्या जागी थांबल्या, बोईसर स्टेशनबाहेरची वडापावची कढई आपोआप थंड पडली, आणि समुद्राची भरती एडवणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन, पुढे काय झालं ते कळेपर्यंत तिथेच ताटकळली. विश्वास नसेल तर माझ्या बायकोला विचारा. ती नाहीच म्हणेल, पण विचारा.

मालिका मेलेल्यांची होती. मेलेली माणसं उठतात, मान वाकडी करून चालतात आणि जिवंत माणसाला चावतात. चावलेला मग त्यांच्यातलाच होतो. मालिका परदेशातली, पण हिंदी बोलणारी. टीव्ही माझा. तो एवढा मोठा, की आत आणताना दाराची चौकट काढावी लागली, आणि तो आत आल्यावर कपाट कायमचं गॅलरीत राहायला गेलं. एखाद्या मेलेल्याचं तोंड जवळून दाखवलं की आमच्या भिंतीचा पोपडा पडायचा.

सुट्टीच्या दुपारी बघायला बसणारे पक्के चौघे. मी आणि बायको. तिसरा माझा पार्टनर, जळगावकडचा गडी. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा आणि मी कामाला आहे त्याच रंगाच्या कारखान्यात माझ्याच पाळीला येणारा. आणि चौथी मुरबे बंदरावरची कोळीण मावशी. ती सकाळी मासे घेऊन यायची, दुपारपर्यंत आमच्या इमारतीत टोपली रिकामी करायची, आणि मग टीव्हीसमोर पाय पसरून बसायची ती थेट परतीच्या रिक्षापर्यंत. बाकीचे शेजारी दारात उभे राहून, आपापल्या घरचं दूध ओतू जाईपर्यंत बघायचे.

पात्रांची परदेशी नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून आम्हीच बारसं केलं होतं. डॉक्टरीण, टकल्या, फाटकवाला. या फाटकवाल्यावर आम्ही सगळे फिदा. वस्तीला चारी बाजूंनी उंच भिंत, एकच फाटक, आणि त्याच्यावर हा रात्रंदिवस उभा. त्या दुपारी त्याचा सख्खा धाकटा भाऊ औषधं आणायला बाहेर गेलेला. भाऊ लंगडत परत येतोय, मागे मेलेल्यांचा लोंढा, आणि आत सगळ्या वस्तीची बायकामुलं. भाऊ लांबून हात वर करतो. फाटकवाला बघतो. बघतच राहतो. आणि फाटक लावतो. भाग संपला.

मग जो गदारोळ उठला, तो पालघरपर्यंत ऐकू गेला असणार.

"लावलंन मुडद्यानं!" मावशी गुडघ्यावर उठली. "सख्खा भाव हाय त्याचा!"

"मावशी, आत लेकरं आहेत," बायको म्हणाली. "मीसुद्धा लावलं असतं."

"अगो बाय, तो काय लांब व्हता? हात दिला असता तर आत आला असता."

"आणि त्याच्या मागून ते दोनशे आले असते, ते काय हळदीकुंकवाला?"

"आमच्याकडं एक बोट जरी यायची ऱ्हायली ना, तर बंदरावरचा दिवा कोनी इजवत नाय. मंग वादळ येवो, नायतर तुजे हे मेलेले येवोत."

"दिवा बघून मेलेले पण येतील, मावशी."

"येवूदे की. कोयता हाय माज्याकडं." आणि तिनं टोपलीतून खरोखरच मासे कापायचा कोयता काढून टीव्हीवर रोखला. दारातले दोन शेजारी मागे सरकले.

आता मी असा माणूस, की चार लोक जमले आणि विषय तापला की मला खाली बसवत नाही. मी सोफ्यावर चढलो. "ऐका!" म्हटलं. "फाटकवाला शंभर टक्के बरोबर. आमच्या कारखान्यात सेफ्टीवाले हेच शिकवतात. एक टाकीत बेशुद्ध पडला, त्याच्या मागे दुसरा धावला, दुसऱ्याच्या मागे तिसरा, की तिघांचे फोटो भिंतीवर. जो बाहेर आहे त्यानं बाहेरच राहायचं. मी तिथं असतो तर फाटक लावून वरून कडी घातली असती, आणि कडीला कुलूप!"

बायकोनं टाळी दिली. मावशीनं कोयता माझ्याकडे वळवला. आणि पार्टनरनं, जो इतका वेळ मुठीतून शेव तोंडात टाकत होता, ती मूठ परत डिशमध्ये रिकामी केली. जळगावच्या माणसानं हातात घेतलेली शेव परत ठेवली! तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

"आणि बाहेर मी असतो तर, भो?" त्यानं विचारलं.

मी भाषणाच्या भरात. "तू असतास तरी!"

तो उठला, "वहिनी, येतो," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून वर निघून गेला.

आता हे त्याला एवढं का लागलं, हे कळायला आमचं काम कळायला हवं. रंगाच्या कारखान्यात मोठाल्या टाक्या असतात. रंग असा चिवट, की माझ्या बनियनवरच्या घामाचा रंग बघून बायको सांगते या आठवड्यात कोणता माल चालू आहे. अधूनमधून टाकी रिकामी करून, धुऊन, आतली हवा तपासून माणूस आत उतरवावा लागतो, कडेला चिकटलेलं खरवडायला. आत जातो पार्टनर, कारण तो सडपातळ. वर मॅनहोलच्या तोंडाशी बसतो मी, कारण मी एकदा मॅनहोलमध्ये अडकलो होतो आणि मला काढायला गुजरातहून क्रेन मागवावी लागली होती. त्याच्या अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर लोखंडी तिवईच्या चरकावर, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटावर, आणि चरकाची मूठ माझ्या हातात. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: आतला माणूस बोलेनासा झाला तर शिट्टी मारा, चरक फिरवा, पण आत उतरू नका.

आत हवा सोडणाऱ्या पंख्याचा घरघराट असा, की खरवडण्याचा आवाज वर येतच नाही. कडेला गेलेला माणूस दिसतही नाही. मग तो शुद्धीवर आहे हे कळायचं कसं? बाकीचे लोक "ठीक आहे का?" विचारतात. आमच्या जोडीची पद्धत वेगळी. मी मॅनहोलमध्ये तोंड घालून थापा मारायच्या, आणि प्रत्येक थापेला आतून "खोटं!" अशी आरोळी यायची. थाप मारली, आरोळी आली, म्हणजे गडी शाबूत. इतकी वर्षं असंच चाललं होतं. माझ्या थापांवर कुणाचा जीव अवलंबून आहे, असं सांगणारा साऱ्या औद्योगिक वसाहतीत मी एकटाच.

म्हणजे त्यानं मला फाटकाबद्दल विचारलंच नव्हतं. त्यानं टाकीबद्दल विचारलं होतं. आणि मी सोफ्यावर उभं राहून, दारातल्या शेजाऱ्यांदेखत, वरून कुलूप घालीन म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. एकाच मोटरसायकलवरून जाणारे आम्ही, तो कंपनीच्या बसनं जायला लागला. वर त्यानं सुपरवायझरला सांगितलं, दोरावर दुसरा माणूस द्या. सुपरवायझर माझ्याकडे आला. "काय झालं रे? घटस्फोट का?"

"मालिकेवरून भांडण झालं साहेब."

"कोणती मालिका?"

मी सांगितली. त्याचे डोळे चमकले. "फाटकवाल्यानं बरोबरच केलं," तो म्हणाला, आणि अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. पण दुसरा माणूस त्याच्याकडेही नव्हता.

घरी बायको म्हणाली, "अहो, वर जाऊन बोला भावजींशी."

"काय बोलू? नियमच तो आहे."

"मग नियम सांगायला सोफ्यावर चढायची काय गरज होती?"

तिनं वांग्याचं भरीत करून वर पाठवलं, भरपूर तिखट, खानदेशी पद्धतीचं. डबा चाटूनपुसून रिकामा, वर घासून परत आला. निरोप आला नाही.

मग टाकीचा दिवस उजाडला. पार्टनर आला, पट्टा बांधला, माझ्याकडे न बघता दोर अडकवून घेतला आणि शिडीनं खाली उतरला. मी तिवईपाशी बसलो आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"ऐकलंस का रे, सातपाटीला पापलेट सापडलं! एवढं मोठं की त्याच्यावर मांडव टाकून लग्न लावलं!"

आत नुसता घरघराट.

"नवरी म्हणे घसरून पडली, ती थेट शेपटीपाशी सापडली!"

काही नाही.

रुसलाय, म्हटलं. रुसू दे. मी थाप वाढवली. आमच्या गावाकडे, सांगलीच्या उसात विमान हरवलं, सापडलं तेव्हा त्यात गुऱ्हाळ चालू होतं, असंही सांगितलं. एरवी यावर आरोळीसोबत एक शिवीही यायची. आत सन्नाटा. मग मी हुकमी पान काढलं.

"आणि तुमच्या जळगावची केळी म्हणजे काय रे? आमच्याकडच्या भेंडीएवढी!"

थांबलो. ऐकलं. काही नाही.

अबोला धरलेला माणूस पापलेट सोसेल, विमान सोसेल. पण जळगावचा माणूस शुद्धीत असून केळीवरचं ऐकून घेईल? शक्यच नाही! मी बॅटरी मारली. दिसला तो फक्त त्याच्या हेल्मेटचा काठ, खाली झुकलेला, हलत नव्हता. मी त्याच्या नावानं बोंब ठोकली. दोराला हिसका दिला. हेल्मेट तसंच.

पुढचं मी जसं आठवतं तसं सांगतो. माझा डावा पाय मॅनहोलमध्ये होता. तो तिथं कसा गेला, कधी गेला, मला माहीत नाही. भिंतीवरची ती मोठी अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि बूट खाली शिडीची पायरी शोधत होता. पायरी सापडलीसुद्धा. तेवढ्यात चरकाची मूठ हाताला टोचली. मी पाय बाहेर ओढला, शिट्टी तोंडात घातली आणि अशी मारली, की तारापूरच्या किनाऱ्यावरचे बगळे दमणला पोचले. आणि चरक फिरवायला लागलो. तो चरक त्या दिवशी इतका गरम झाला, की त्यावर पोळी भाजता आली असती.

मास्क चढवलेले सेफ्टीवाले धावत आले, सुपरवायझर आला, स्ट्रेचर आलं. सगळे गोल उभे. मॅनहोलमधून आधी हेल्मेट आलं, मग पार्टनरचं तोंड, निळं! मी किंचाळलो. मग आठवलं, त्या आठवड्यात माल निळाच चालू होता.

"अरे काय भो!" दोराला लटकलेला, हातात खरवडणी घेतलेला पार्टनर कोकलला. "जरा पाठ टेकून बसलो होतो मी!"

"मग बोलत का नव्हतास?"

"तुझ्याशी? का बोलू?"

सुपरवायझरनं आम्हा दोघांना असं झापलं, की त्या झाडणीनं टाकी आतून आपसूक चकाचक झाली. टाकीत अबोला धरायचा नाही, हा नवा नियम तिथल्या तिथे जाहीर झाला. पार्टनर माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होता. पण बोलला नाही. संध्याकाळी पुन्हा कंपनीच्या बसनंच गेला.

सुट्टीची दुपार आली. मावशी पाय पसरून बसली, बायकोनं शेवेची डिश ठेवली, आणि शीर्षकाची धून वाजत असताना पार्टनर दारात येऊन उभा राहिला. तो आला, आपल्या जागी बसला. डिशला हात लावला नाही.

भाग सुरू झाला. भिंतीच्या आत फाटकवाला डोकं धरून बसलेला. बाहेरून फाटकावर थापा. डॉक्टरीण म्हणतेय, तू सगळ्यांना वाचवलंस. टकल्या म्हणतोय, तू भावाला मारलंस.

"डॉक्टरीण बरोबर बोलतेय," बायको म्हणाली.

"टकल्या बरोबर हाय," मावशी म्हणाली. "आनि मी म्हनते, त्या येड्याला भिंतीवरून दोर टाकायला काय झालतं?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"असे बगता काय? पान्यात पडलेल्याच्या मागं आमी उडी टाकत नाय. दोर टाकतो. फाटक बंद ऱ्हाऊ दे. दोर टाक, वर घे. एवढी शिकलेली मानसं त्या वस्तीत, आनि कोनाकडं एक दोर नाय?"

दारातल्या शेजाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. बायको म्हणाली, भिंत उंच आहे, दोर पुरणार नाही. मावशी म्हणाली, लुगड्याला लुगडं बांधा. बायको म्हणाली, तेवढा वेळ कुठे होता? पुन्हा जुंपली. त्या गोंधळात पार्टनर माझ्याकडे सरकला आणि माझ्या कानाशी बोलला.

"त्या दिवशी टाकीत एकदम अंधार झाला. वर बघितलं तर बूट. तुझा."

मी टीव्हीकडेच बघत राहिलो.

"शिडीच्या पायरीवर होता तुझा पाय, भो. भिंतीवर एवढं लिहिलेलं असताना."

"छ्या," मी म्हटलं. "बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. जरा मोकळा सोडला होता."

पार्टनरनं डिशमधून मूठभर शेव उचलली, तोंडात कोंबली, आणि तोंड भरलेलं असतानाच अशी आरोळी ठोकली, की मावशी आणि बायको भांडता भांडता गप्प झाल्या आणि पडद्यावरचे मेलेलेसुद्धा मान सरळ करून आमच्याकडे बघायला लागले.

"खोटं!"