तीन फेजचा ओव्हन

बाईंची उभी हयात एका रुग्णालयाच्या कँटीनमध्ये पाव भाजण्यात गेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आईखेरीज जीव लावायला धाकटा भाऊ तेवढा होता. त्याला त्यांनीच शिकवलं, वीजकामाचा परवाना हातात पडेपर्यंत पोसलं. आता तो मोठा कंत्राटदार झाला होता. "ताईचे उपकार" हे शब्द त्याच्या तोंडी इतक्यांदा येत, की बायकोच्या कपाळावर आठ्याच उमटत.

निवृत्त झाल्यावर बाईंनी स्वतःची बेकरी काढायचं मनावर घेतलं. एका जुन्या इमारतीत तळमजल्याचा गाळा भाड्यानं घेतला आणि ओव्हन निवडायला भावाला बरोबर नेलं. दुकानात तीन कप्प्यांचा एक ओव्हन होता. बाईंनी त्याचं दार उघडलं, आत हात घालून भिंती चाचपल्या, दार लावलं, पुन्हा उघडलं. लग्नाआधी नवरासुद्धा त्यांनी इतका निरखून पाहिला नव्हता.

"घेऊ का रे?"

"डोळे मिटून घे, ताई. असला शोधून सापडायचा नाही."

गाठीला होतं ते सगळं त्यात गेलं. ओव्हन गाळ्याच्या दारातून आत जाईना, चौकट काढावी लागली. जोडायच्या दिवशी भाऊ नेमका बाहेरगावी. मग वीज कंपनीचा वायरमन आला. त्यानं ओव्हनच्या पाठीवरची पट्टी वाचली, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत डोकावला आणि मान हलवत परत आला.

"बाई, हा तीन फेजवर चालतो. तुमच्याकडे एकच फेज आहे."

"मग तीन द्या की."

"कुठून देऊ? इमारतीत येणारी केबलच बारीक. दिवे-पंख्यांपुरती टाकलेली. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच भार जास्त. हा एकटा ओव्हन अख्ख्या इमारतीची वीज खाईल."

"आणि आहे त्याच फेजवर जोडला तर?"

"आधी तुमची वायर वितळेल, मग जिन्यातली." तो हत्यारं पिशवीत टाकता टाकता सहज म्हणाला, "तुमच्या आधी इथं लाँड्री होती, ती याच पायी गेली. तिच्या जोडणीसाठी तुमचे भाऊच आमच्याकडे खेटे घालत होते. बोलले नाहीत ते?"

विसरला असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली.

घरचा छोटा ओव्हन आणून त्यांनी काम सुरू केलं. पण तो आणि मैदा मळायचं यंत्र एकदम चालू झालं, की इमारतीचा फ्यूज उडायचा आणि पाण्याचा पंप बंद पडायचा. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबणाचा फेस तसाच घेऊन खाली उतरले. बाई "चुकलं हो" म्हणेपर्यंत त्यांनी मळलेल्या मैद्याचं घमेलं उचललं आणि गटारात पालथं केलं. बाकीचे रहिवासी जिन्यात उभे राहून बघत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी बाई भावाकडे गेल्या. तो जेवत होता.

"तुला माहीत होतं?"

"ताई, तू विचारलंस ओव्हन चांगला आहे का. चांगलाच आहे. इमारतीचं विचारलंस?"

वाढता वाढता भावजय फिसकन हसली.

"दुकानदार परत घ्यायला तयार नाही रे."

"नाहीच घेणार. मी घेतो ना भंगाराच्या भावात. माझ्या गोदामात तीन फेज आहे. तूही ये तिथं. भाज हवे तेवढे पाव."

ओव्हन गोदामात गेला तेव्हा बाई मागोमाग गेल्या. भिंतीवर त्याच्या मापाची चौकट आधीच आखलेली होती. वरून मनगटाएवढी जाड केबल लोंबत होती. तिच्यावर धूळ बसली होती.

बाईंना सगळं उमगलं. तरीही दुसऱ्या सकाळी त्या कामावर हजर झाल्या. तो ओव्हन परक्या हाती सोपवायला जीव होईना, एवढंच.

पाव हातोहात खपू लागला. भावजय बाईंच्या खांद्याशी उभी राहून यीस्ट किती, पाणी कितपत कोमट, गोळा फुगला हे बोटानं दाबून कसं ओळखायचं, ते बघत राहायची. बाईंनी काही हातचं राखलं नाही. भावजयीचा हात बसला तशी ती म्हणाली, "वन्सं, आता वय झालं तुमचं. आराम करा." सवयीनं बाई दुसऱ्या दिवशी गेल्याच. त्यांच्या एप्रनला एक नवीन बाई हात पुसत होती.

म्हातारी आई भावाकडेच असते. भाऊ-भावजय गोदामातल्या बेकरीत असताना बाई तिला भरवायला जातात. आईला दिसतं कमी, ऐकू बरं येतं, आणि बोलायला तर काहीच अडत नाही.

"सुनेच्या हाताला चव आहे हो," ती परवा म्हणाली. "तुझा पाव कसा, दगड. तुझी एवढी फजिती झाली, ती त्या पोरानं निस्तरली, आणि तू त्याच्याशी बोलत नाहीस म्हणे! मेली कृतघ्न."

बाईंनी कडा काढून पावाचा मऊ भाग दुधात कुस्करला, नीट निवू दिला आणि चमचा आईच्या ओठांशी धरला.

"आ कर," त्या म्हणाल्या.