इतक्यात वाचलं?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एआय मदतकक्ष उघडला आणि तिथे मला बसवलं. मला तरी कुठे काय येत होतं! कोपरखैरण्याहून एक शिक्षक यायचे. पन्नाशी उलटलेले, पीएचडी करणारे. प्रबंधाचं प्रकरण संगणकात टाकून बटण दाबलं की लगेच उठायचे. "वाचू दे त्याला निवांत. चहा घेऊन येतो."

परवा मी थांबवलं. "सर, अभिप्राय आलासुद्धा!"

चष्मा पुसून त्यांनी पडद्याकडे संशयाने बघितलं. "सबंध प्रकरण, इतक्यात? छे, वाचलंच नसणार. आमचे गाइडसर वर्षभर वाचतायत."

मग खाली बसले. हळूच म्हणाले, "मॅडम, ते तरी वाचत असतील ना?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही चहा घेऊन या."