बिनबोलावण्याचा सण

माझ्या सुनेशी मला धड भांडता येत नसे, म्हणून मी बल्गेरियन शिकायला लागले. चारचौघांत मी "नातं घट्ट व्हावं म्हणून" वगैरे सांगायची, पण खरं कारण हेच. ती बल्गेरियाची, मी पुण्याची, आणि लंडनजवळच्या पिनरच्या त्या घरात आम्ही दोघी एकमेकींशी इंग्रजीत बोलायचो. उसन्या भाषेत भांडण रंगत नाही. फणकाऱ्याने काही बोलायला जावं तर आधी क्रियापद शोधावं लागतं, आणि ते सापडेपर्यंत राग शिळा होतो. त्यात भर म्हणजे तिने भराभर मराठी उचलायला सुरुवात केली. "आई, चहा पाहिजे?" "आई, पुरे." सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेल्या बाईला हे कसं खपावं? ती माझ्या भाषेत चहा देत होती, आणि मला तिच्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

ते २००७ साल. बल्गेरिया नुकताच युरोपियन युनियनमध्ये आला होता आणि लंडनमध्ये जिकडेतिकडे ती भाषा कानावर पडू लागली होती. ईलिंगला एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी वर्ग सुरू झाल्याचं मला कळलं आणि मी नाव घातलं.

"आई, आर यू सीरियस?" मुलगा म्हणाला. "तुला अजून ओव्हन ऑन करता येत नाही."

"ओव्हनला मला काही विचारायचं नाहीये," मी म्हटलं आणि कोट चढवला.

वर्गात सगळे इंग्रज नवरे. एकजात बायकोसाठी आलेले. सुनेसाठी आलेली मी एकटीच. शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची, खणखणीत आवाजाची, आणि तिची पद्धत एकदम वेगळी. पुस्तक नाही. ज्या महिन्यात जो सण येईल, त्या सणाची भाषा शिकायची. आधी लिपी मात्र घोटावी लागली. पी काढायचा आणि वाचायचा 'र', एच काढायचा आणि वाचायचा 'न', असला सगळा उफराटा कारभार. मान हलवण्याचंही तसंच. होकाराला आडवी, नकाराला उभी. इंग्रज नवऱ्यांची त्यात फार त्रेधा उडायची. बाईंनी मला एक प्रश्न विचारला, मी आपली नेहमीसारखी मान डोलावली, आणि त्या थबकून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे हो की नाही, हे आमच्याकडेही कोणाला सांगता येणार नाही."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा उपास असतो, असं कळल्यावर मला जरा आदर वाटला. मग बाईंनी उपासाचे पदार्थ फळ्यावर लिहायला घेतले. घेवड्याची उसळ, भात भरलेली कोबीची पानं, भोपळा घालून केलेला पदर सुटणारा रोल, सुक्या फळांचं सार, आक्रोड, मध. फळा संपला. मी मनात म्हटलं, एकादशी अन् दुप्पट खाशी, हे तर आपलंच गोत्र.

फेब्रुवारीत बाईंनी नामदिन शिकवला. ज्या संताचं किंवा ज्या गोष्टीचं नाव तुम्हाला असेल, त्याचा सण तो तुमचा नामदिन. फुलांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिन ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला. माझ्या सुनेचं नाव एका फुलाचं, म्हणून मी कान टवकारले.

"वाढदिवसाला माणसं बोलावतात," बाई म्हणाल्या. "नामदिनाला बोलवायचं नसतं. ज्याचा नामदिन, त्याने दार उघडं ठेवायचं, मासे करायचे, टेबल मांडायचं आणि थांबायचं. ज्यांना त्याची आठवण असेल, ते येतात."

माझी लेखणी थांबली. आदल्या वर्षीच्या वसंतातला एक रविवार मला आठवला. सुनेने पांढरं टेबलक्लॉथ घातलं होतं, घरातल्या सगळ्या चांगल्या बश्या मांडल्या होत्या आणि ओव्हनमध्ये हा एवढा मासा होता. मी विचारलं होतं, "कोण येणार आहे?" ती म्हणाली होती, "माहीत नाही." मला वाटलं, तिचं इंग्रजी चुकलं असेल, नाहीतर माझं. संध्याकाळी तिने टेबलक्लॉथची घडी घातली आणि तो मासा आम्ही आठवडाभर खाल्ला.

त्या दिवशी वर्गातून घरी आल्यावर मी तिला सरळ विचारलं. ती इस्त्री करत होती.

"लंडनला आल्यापासून दरवर्षी मांडलं," ती म्हणाली. "पण इथे न बोलावता कोणी येत नाही, आई. माझी बेस्ट फ्रेंडसुद्धा यायच्या आधी तीन वेळा टेक्स्ट करते. या वर्षी नाही मांडणार. इट्स सिली."

हे ती अगदी हसून बोलली. पण इस्त्री त्याच त्या बाहीवरून फिरत राहिली. मला फार वाईट वाटलं. माणसाने आपला सण सोडून द्यावा, आणि तोही आपल्या घरात, आपण शेजारच्या खोलीत बसलेलो असताना! माझ्यासाठी तिने गणपतीत मोदकांच्या कळ्या पाडल्या होत्या. त्या वाकड्या झाल्या म्हणून पुन्हा मोडून केल्या होत्या. तिच्या नामदिनाला माणसं आलीच पाहिजेत, असं मी मनाशी ठरवलं.

पण अडचण अशी की बोलवायचं तर नाही. वेम्बलीला माझी एक जुनी मैत्रीण राहते, आमच्या गुरुवारच्या भजनाची पुढारी. मी तिला फोन लावला.

"हे बघ, मी तुला बोलावत नाहीये," मी म्हटलं. "पाम संडेला माझ्या सुनेचा नामदिन आहे. आमंत्रण नाही."

"अगं, मग सांगतेस कशाला? जखमेवर मीठ चोळायला?"

"त्यांच्यात न बोलावता यायचं असतं."

"छे! बोलावल्याशिवाय कोण जातं कोणाकडे? किती वाजता आहे?"

"वेळ नसते."

"जेवायला की चहाला?"

"तेही ठरलेलं नसतं."

"चमत्कारिकच आहे हे," ती म्हणाली. "आणि प्रेझेंट?"

"फुलं."

"बघू," ती म्हणाली. आमच्या मंडळात हळदीकुंकवाचं बोलावणं प्रत्यक्ष न येता नुसतं फोनवर आलं, तरी वर्षभर अबोला धरणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या 'बघू'वर मी फारशी भिस्त ठेवली नाही. तरी शुभेच्छा कशा द्यायच्या, ते मात्र तिच्याकडून फोनवर घोटून घेतलं.

मार्च उजाडला. त्यांच्यात एक मार्चला मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की सोडतात. लंडनमध्ये करकोचा आणायचा कुठून? वर्गातल्या एका नवऱ्याने तळ्यावर बगळा बघून दोरा सोडला, तेव्हा बगळा चालतो की नाही यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. बाईंनी बगळा नामंजूर केला. मी आमच्या रस्त्यावरचं प्लम फुलल्यावर त्याच्या फांदीला माझा दोरा बांधला. वडाला सूत गुंडाळून तयार झालेला हात तो, गाठ मारायला कितीसा वेळ लागणार? सून शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

पुढचा रविवार. सकाळी मी तिच्या केसांना खोबरेल तेल चोळून दिलं होतं. ती जुन्या ड्रेसिंग गाऊनमध्ये, मुलगा हाफ पँटमध्ये हूवरने गालिचा साफ करतोय, सिंकमध्ये काल रात्रीची भांडी. बेल वाजली. मी दार उघडलं.

दारात अख्खं भजनी मंडळ उभं. सिल्कच्या साड्या, वरून हिवाळी कोट, केसांत गजरे, हातांत फुलंच फुलं. ईलिंग रोडवरून आणलेले झेंडू, सुपरमार्केटमधले डॅफोडिल. आणि सगळ्यांनी आरती म्हणावी तशा एका सुरात म्हटलं, "चेस्तीत इमेन देन!"

नामदिन त्या दिवशी नव्हताच. इंग्रजांचं ईस्टर आणि वेगळ्या पंचांगाने येणारं बल्गेरियन लोकांचं ईस्टर त्या वर्षी महिन्याहून जास्त अंतराने आलं होतं. मी "पाम संडे" म्हटलं आणि मैत्रिणीने स्वयंपाकघरातलं इंग्रजी कॅलेंडर बघितलं. स्मार्त आणि भागवत एकादशीचा घोळ सात पिढ्या घातलेल्या बायका आम्ही, पण कोणता पाम संडे हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि सांगायचं मला.

"अगं, आज..." मी तोंड उघडलं, तोच कोणीतरी माझ्या कोपराला सणसणीत चिमटा काढला. सून मागे येऊन उभी होती.

"डोन्ट, आई," ती पुटपुटली. मग तेलाने चपचपलेलं डोकं घेऊन पुढे झाली आणि एकेकीच्या गळ्यात पडली. मैत्रिणीच्या कोटाच्या खांद्यावर तेलाचा डाग पडला तो अजून गेलेला नाही.

पुढचे दोन तास काय धमाल! "काही करू नकोस हं," असं म्हणत सगळ्या सोफ्यावर स्थिरावल्या. सुनेने फ्रीजरमधून पिठाचे पातळ पापुद्रे काढले, त्यात चीज आणि अंडी घालून बानित्सा ओव्हनमध्ये टाकली. मी पोह्यांसाठी कांदा चिरला. मुलगा हाफ पँटवरच दूध आणायला धावला. पांढरं टेबलक्लॉथ बाहेर आलं. त्यांच्याकडे सम संख्येची फुलं मयतालाच नेतात, आणि इथे तर दहा-दहा डॅफोडिलच्या जुड्या. मी धास्तावून बघत होते. तिने प्रत्येक जुडीतलं एकेक फूल हळूच काढून आणणारीच्या हातात परत दिलं. बायकांना तो मान वाटला, आणि होताच तो.

मग तिने त्यांना एकेकीच्या नावाचा अर्थ विचारला. आमच्या पिढीच्या आईबापांनी मुलींसाठी फुलांपलीकडे नावं शोधलीच नव्हती. कोणी कमळ निघाली, कोणी शेवंती, कोणी जाई, कोणी नुसतंच फूल.

"मग तुमचाही नामदिन!" सून ओरडली आणि प्रत्येकीला नव्याने शुभेच्छा दिल्या. बल्गेरियन लोकांच्या सणात आपण मूळच्या आहोत हे कळल्यावर मंडळ जे खुललं, ते बानित्साचं तबक रिकामं करूनच उठलं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "तारीख चुकली गं. मी त्यांना नीट सांगायला हवं होतं."

"बरं झालं नाही सांगितलं," ती बश्या गोळा करत म्हणाली. "पुढच्या महिन्यात मासा मोठा आणेन. पण आई, त्यांना बोलवायचं नाही हं."

मी भांडी घासायला घेतली आणि तिने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून आईला कॉल लावला. रोज लावते. रोज माझ्या कानावर ती भाषा पडते आणि जाते. त्या दिवशी मात्र शब्द एकेक करून माझ्याजवळ येऊन थांबले. आले, मामो. खरंच आले. बोलावलं नव्हतं. मी नळ बंद केला.

पलीकडून तिची आई विचारत होती, कोण आले? बल्गेरियन का?

"ने, मामो," माझी सून म्हणाली. "नाशिते."

हा शब्द वर्गात पहिल्याच महिन्यात झाला होता. नाशिते म्हणजे आपली माणसं, घरची. कोणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही. हातातली बशी तशीच धरून मी सिंकपाशी उभी राहिले, आणि मला रडू आलं.