मामांची उन्हाळी आणि चंद्री म्हैस

सासऱ्यांना न विचारता, न सांगता मी त्यांना औषध चारलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मामा (म्हणजे आमचे सासरे) शिरोळहून कोल्हापुरात आमच्याकडे आले तेच उन्हाळी (म्हणजे लघवीची जळजळ) घेऊन. लघवीला जाऊन आले की अर्धा तास साऱ्या जगाला शिव्या! पण डॉक्टर? छे!

"सुईवाल्याच्या दारात मी न्हाय जायाचा. माझं गोखरूचं चूर्ण हाय की!"

ते चूर्ण गुळात कालवून रोज जेवणानंतर एक गोळा. सगळी भिस्त त्यावर.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. (म्हणजे शहाणपणाचा मक्ता आमच्याकडेच!) मी परस्पर डॉक्टर गाठला. त्यांनी निळ्या गोळ्या दिल्या. "रोज एक. मात्र लघवी निळी होते, ते आधी सांगून ठेवा. नाहीतर माणूस हबकतो."

आता आधी सांगायचं, तर गोळी देतोय हेही सांगावं लागणार! मी गुपचूप ती गुळाच्या गोळ्यात दडवली. कडू लागते का बघावं म्हणून तसाच गोळी घातलेला एक गोळा स्वतःही खाल्ला. गुळापुढं काही कळलं नाही. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन झोपलो.

सकाळी परसातून आरोळी आली, "मेलो! शांते, मेलो!"

शांता (त्यांची लेक, माझी बायको) पिठाच्या हातांनी धावली. मामा धोतर सावरत पांढरेफटक उभे.

"निळं! दौत सांडावी तसं निळं! कुणीतरी इख घातलंय मला!"

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी उघडलंही. पण बाहेर काय पडावं? "मामा, काल बाहेर काही खाल्लं-प्यालं होतं का?"

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल संध्याकाळी आम्ही दोघं दूधकट्ट्यावर गेलो होतो. समोर धार काढून दिलेलं चंद्री म्हशीचं फेसाळ दूध मामांनी शेरभर रिचवलं होतं, मी पेलाभर!

"त्या गवळ्यानंच घात केला!" मामांनी काठी उचलली. मागोमाग मी.

कट्ट्यावर सकाळची गर्दी. सदू गवळी गुडघ्यात चरवी धरून चंद्रीखाली बसलेला. मामांनी लांबूनच तोंड सोडलं, "ह्या म्हशीचं दूध पिऊ नगासा! माणूस आतनं निळा हुतोय!"

हातातले पेले हातातच राहिले. दोन गिऱ्हाइकं तर काढता पाय घेऊन गेलीसुद्धा. सदू ताडकन उठला.

"पावणं, मला काय बी बोला. चंद्रीचं नाव घ्यायचं न्हाय! माझं घर तिच्यावर चालतंय." मग तो गर्दीकडं वळला. "काल सांजचं चंद्रीचं दूध कोण कोण प्यालतं? चला त्या भिंतीमागं! समद्यांचा रंग आत्ताच बघू!"

कोल्हापूरकर ते, लाजणार कोण? तालमीतले पैलवान गेले, पेन्शनीतले हेडक्लार्क गेले. एकेक जण बाहेर येऊन जाहीर करी, "पिवळं!" "आमचं बी पिवळंच!" गर्दी टाळ्या पिटू लागली.

"मास्तर, काल तुमी बी हुतासा की!" सदूनं मला हेरलं.

माझा रंग मला पहाटेच कळला होता! "मला... आत्ता लागली नाही," मी म्हणालो.

"लागंल की! ह्ये घ्या," म्हणत एका पैलवानानं तांब्याभर पाणी माझ्या तोंडाला लावलं आणि दुसऱ्यानं बखोटीला धरून भिंतीमागं नेलं. थोड्याच वेळात तोच ओरडत बाहेर आला, "निळं! मास्तरांचं बी निळं!"

मामा मटकन खाली बसले.

"म्हंजे आपल्या दोघांचंच? दुधाचं न्हवं मग... घरातलंच?" त्यांचा चेहरा पडला. "शांता? माझी पोर? बापाला बी आन् नवऱ्याला बी?"

आता मात्र मला राहवेना. गोळी, गूळ, डॉक्टर, सगळं भडाभडा सांगून टाकलं. सदूनं आधी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग माझ्याकडं असं बघितलं की मला तिच्या दावणीलाच बांधतोय की काय!

मामांनी माझं मनगट धरून मला थेट त्या डॉक्टरांपुढं उभं केलं.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "आता जळजळ?"

मामा थबकले. रंगाच्या धसक्यात जळजळ बघायचीच राहिली होती! "न्हाय की वो सकाळपास्नं!"

"मग गोळी चालू ठेवायची ना?"

"ठिवा की. गोळी ब्येस हाय," मामा म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यो जावई तेवढा बदलून मिळंल का?"