रिकाम्या घरातली सिएनी आत्या

सिएनी आत्या कधी गप्प बसली, असं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. आमच्या बेटावरच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर. जेवताना वाटेवरचं माणूस दिसलं की "या, जेवायला या!" अशी हाक आम्ही सगळेच मारतो. जाणाऱ्याने "चालू द्या" म्हणून पुढे सटकायचं, हेही सगळ्यांना ठाऊक. फक्त आत्याच्या हाकेने कुत्रीसुद्धा दचकतात.

अशा बाईला माझ्या बहिणीने, वाइओलाने, मौन पाळायला बसवलं! कोण सांगणार या कलावंतांना? आपिया या आमच्या राजधानीतल्या कलादालनात तिने असंच एक घर उभारलं होतं. खांब मी वाहिले, पाठ अजून दुखते. मुलंबाळं परदेशी गेलीयत आणि म्हातारी रिकाम्या घरात चटई विणत बसलीय, असा देखावा. भोवती दोरी. सिडनीहून दोन पाहुणे बघायला येणार होते. त्यांना पटलं तर हे घर सिडनीच्या प्रदर्शनात जाणार होतं. वाइओलाचा सगळा जीव त्यात अडकला होता.

"आत्या, तोंडातून शब्द काढायचा नाही हं. तू एकटी आहेस."

"ते काय मला शिकवतेस?"

पाहुण्यांना उशीर झाला. आत्याला भूक लागली. तिने टोपलीतून उकडलेल्या अळकुड्या आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं काढली. पहिला घास तोंडाशी नेते तोच समोर एक उंच बाई आणि एक टकलू गृहस्थ येऊन उभे. आता बिचारीने काय करावं?

"या, जेवायला या!" दालन दणाणलं. हाताने खूणही झाली.

आणि ते आले हो! दोरी ओलांडली, बूट काढले, मांडी घालून बसले. आत्या माझ्याकडे बघतच राहिली.

"अरे, हे खरंच बसले की! आता रे?"

आता काय, वाढलं. त्यांचं बघून बाकीचे बघेही बसले, रखवालदारही बसला. मी बाजारातून केळी आणि भाजलेले मासे आणले. टकलूने बोटं चाटली. वाइओला खांबाआड कपाळाला हात लावून उभी होती.

निघताना पाहुण्यांनी तिला गोड शब्दांत सांगितलं, की जेवण फार छान होतं, पण घराचं रिकामपण काही जाणवलं नाही. सिडनीला दुसऱ्या कुणाचं तरी काम जाईल.

वाइओला रडली. मला खरंच वाईट वाटलं.

"सगळं घालवलंस आत्या! मला रिकामं घर दाखवायचं होतं गं!"

आत्या उष्टी पानं गोळा करत होती.

"मग त्यांना माझ्याकडे आणायचंस ना. तिथे हाका मारून घसा बसतो माझा. सगळे मोटारीत, काचा वर करून. भरलेलं घर मी आज कितीतरी वर्षांनी पाहिलं, पोरी. मला फार बरं वाटलं."

उरलेली केळी वाइओलाने टोपलीत भरली आणि आत्याबरोबर गावच्या बसमध्ये जाऊन बसली.